घरीही अस्सेच

माईंनी दार उघडलं आणि आधी नवऱ्याच्या गळ्याशी पाहिलं. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं. कॉलरची एक बाजू वर, एक खाली.

"अहो, बटण."

"काय झालं बटणाला?" म्हणत ते तसेच आत गेले.

माई कडी धरून दारातच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

सगळं जग त्यांना आबा म्हणायचं. सिनेमा कुठलाही असो, आबा तेच. विसरभोळे, गोड आजोबा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे, दुसऱ्याच्याच घरात जाऊन हक्कानं चहा मागायचे. "यांना कसला आलाय अभिनय? जसे आहेत तसे उभे राहतात," लोक म्हणायचे, आणि पुन्हा तिकीट काढायचे.

घरात साबणाची वडी जागची हलली तरी त्यांना खपायचं नाही. माईंच्या माहेरी कोण कुणावर रुसलं होतं, हे माई विसरत, ते नाही. शॉट लागला की ते आपल्या हातानं वरचं बटण चुकीचं लावायचे, आणि घरी आल्यावर उंबऱ्याबाहेरच नीट करायचे. "त्या म्हाताऱ्याला बाहेरच ठेवलंय हं," असं म्हणून आत पाऊल. आत आले की पहिला प्रश्न, "नळ का गळतोय?"

मुलाखतीला आलेले लोक माईंना हटकून विचारायचे, "आबा घरी कसे असतात हो?" माई पदर सावरून हसायच्या. "घरीही अस्सेच!" लोकांना तेच ऐकायचं असायचं, मग कशाला उगाच विरजण घाला? आबाही शेजारी बसून मिश्कील हसायचे. दोघांची ती जुनी गंमत होती.

आता माई मुलाला सांगायला गेल्या. आबांच्या कामाच्या तारखा तोच बघायचा.

"आई, बाबा विसरले ही काय बातमी आहे?" तो फोनमधून मान वर न करता म्हणाला.

"अरे, ते खरं विसरत नव्हते कधी."

"जगाला इतकी वर्षं तूच सांगितलंस ना?"

डॉक्टर तर आबांना बघून खुर्चीतून उठलेच. आबांनी विचारलं, "आपलं लग्नाला येणं झालं होतं का?" डॉक्टर पोट धरधरून हसले, आणि तपासायचं सोडून शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

नव्या सिनेमात आबांनी गाडी चालवत फाटकातून आत यायचं होतं. चुन्याच्या रेघेवर थांबायचं. रेघेच्या पुढे, फुगा घेऊन, नातीचं काम करणारी चिमुरडी उभी. त्या दिवशी माई हट्टानं सेटवर गेल्या. सकाळी आबांनी आंघोळीचा नळ तसाच सोडून दिला होता, आणि पाणी खोलीत आलं तरी त्याकडे नुसते बघत बसले होते.

"यांना गाडी देऊ नका," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या.

"माई, तुम्हीसुद्धा ना! आबांचं नाटक तुम्हालाही खरं वाटायला लागलं?" तो हसला. "अहो, बघा, बटणसुद्धा घरूनच चुकीचं लावून आलेत!"

बटण सकाळी माईंनीच नीट लावून दिलं होतं.

माई सरळ गेल्या, गाडीचं दार उघडलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या. कुणीतरी "अहो माई!" म्हणालं. दिग्दर्शकानं हात वर केला. "बसू दे, बसू दे. मस्त दिसतंय. चालू ठेवा!"

गाडी फाटकातून आत आली. रेघ जवळ आली. आबांचा पाय काही हलेना. त्यांनी मान वळवली आणि अदबीनं विचारलं, "बाई, आपल्याला कुठं सोडू?"

रेघ चाकाखाली गेली. माईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळून थांबली. बॉनेटला लागून फुगा डुलत होता आणि त्यामागे पोरगी खुदुखुदु हसत होती.

"कट! वा, माई, वा!" सगळा सेट टाळ्या वाजवू लागला. माईंची बोटं हँडब्रेकवरून सुटेनात. शेवटी मेकअपवालीनं येऊन एकेक सोडवली.

तो शॉट सिनेमात तसाच ठेवला.

पहिल्या खेळाला मुलानं दोघांना मधल्या रांगेत बसवलं. पडद्यावर आबांनी मान वळवून विचारलं, "बाई, आपल्याला कुठं सोडू?" आणि थिएटर हास्यानं कोसळलं. मुलगाही मांडीवर थाप मारून हसला. शेजारी आबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. ते माईंकडे झुकले.

"काय झकास काम करतो हो हा म्हातारा! कोण आहे?"

"आहे एक," माई म्हणाल्या. "घरी अगदी वेगळा असायचा."

"असं?" म्हणून ते पुन्हा पडद्याकडे वळले.

लोक अजून हसत होते. माईंनी अंधारात हात लांब केला, चाचपून त्यांचं वरचं बटण काढलं आणि त्याच्याच काजात घातलं. आबांनी गळा जरा वर करून दिला, अनोळखी माणसाला द्यावा तसा, संकोचून.