घरगुती अडचण

कासवाची पिल्लं बघायला मोटरसायकलवरून कोकणात उतरलेले कोडोलीतले पहिले दोन इसम म्हणजे मी आणि सोमशेखर. तिसरा अजून झालेला नाही.

कल्पना सोमशेखरची. मार्च २००८. आमचा ऊस कारखान्याला गेलेला, मी मोकळा. हा सकाळी सकाळी दारात येऊन म्हणाला, "जोत्या, कासवं बघाय जाऊया." ह्याच्या दुकानासमोर गेली सहा वर्षं एक म्हैस बसते. ती कुणाची, हे त्यानं कधी विचारलं नाही. असल्या माणसाला एकाएकी प्राण्यांचा उमाळा आला, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, "चल की."

सोम्या पाचवीपासून माझ्या बाकावर. घरचं भुसार दुकान, घर लिंगायताचं, अंड्यालासुद्धा उंबरा ओलांडायची बंदी. आणि आमचं सात जणांचं टोळकं म्हणजे महिन्यातून दोनदा रानात चूल मांडून रस्सा करणारं. सोम्या यायचा. न चुकता यायचा. स्वतःचा डबा घेऊन. पण मटणाचा वास नको म्हणून तो विहिरीच्या मोटारीच्या खोलीपाशी बसायचा, चाळीस पावलं लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. आम्ही ओरडून गप्पा मारायचो. विनोद त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. आमचं हसून संपलं की तिकडून एकट्याचं हसणं यायचं.

मग नोकरीच्या तिसऱ्या इंटरव्ह्यूतही तो पडला. मी त्याला घेऊन जोतिबाला गेलतो. रविवार, गर्दी, डोळ्यात गुलाल. शिखराकडं बघून मी हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "देवा, सोम्याला नोकरी लागंस्तवर मटण-मासं बंद. लागली की हितंच येऊन गुलाल-खोबरं उधळतो, मगच खातो."

सोम्या म्हणाला, "तुला कुणी सांगिटलतं?"

"कुणी न्हाय."

"मग?"

"आता बोललोय."

माझा अंदाज तीन आठवड्यांचा होता. झाले अठरा महिने.

अठरा महिन्यांत माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. हंबीररावमामांनी मला काविळीचं औषध पाजलं, दोनदा. एक ठरत आलेलं स्थळ मोडलं. मुलानं माळ घातली असणार, असल्या घरात आमची पोरगी रस्सा कुणासाठी करणार, असं मुलीच्या बापानं कळवलं. गावजत्रेला घरोघरी बकरं शिजत असताना मी भरल्या गावात केळं खात उभा होतो. लोक मला बघून आवाज खाली करायचे.

एक मात्र झालं. मोटारीच्या खोलीपाशी आता दोघं बसू लागलो. आणि सोम्याच्या आईनं, नीलम्मानं, मला पोटचा करून टाकला. रोज ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी. मी दारात दिसलो की ती कानडीत विचारायची, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का. मी जेवून आलेलो असलो तरी नाही म्हणायचो. तिला मी अव्वा म्हणायला लागलो. माझी आई मला त्या दिवसांत भाडेकरूसारखं वागवत होती.

तर कासवं.

मालवणच्या पुढं किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही दुपारी पोचलो. विठाबाई म्हणून एका काकींच्या घराची मागची खोली मिळाली. सोम्या म्हणाला, "तू आंघोळ कर, काकींशी मी बोलतो." मी आंघोळ केली. अव्वानं बांधून दिलेली भाकरी खाल्ली. झोपलो. माणूस किती बेसावध असू शकतो, त्याचा मी नमुना.

पाचच्या पुढं समुद्रावर गेलो. वाळूत दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांमागं पुण्या-मुंबईची साठेक माणसं कॅमेरे घेऊन. घरट्यांवर बांबूच्या बुट्ट्या पालथ्या घातलेल्या. कासवांची राखण करणारा एक स्वयंसेवक होता. त्यानं पहिली बुट्टी उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली. वाळू. तिसरीखाली एक पिल्लू. एकच. पोह्याच्या बशीत मावेल एवढं. ते जरा थांबलं, विचार केला, आणि सरळ आमच्याकडं निघालं.

"हिकडं न्हवं!" मी ओरडलो. "तिकडं, तिकडं! वळ की रं पैलवान!"

"साहेब, हळू," स्वयंसेवक म्हणाला.

"त्याला दिसालं न्हाय की."

"त्याला कळतं. तुम्ही हळू."

ते वळलं. समुद्र तीस पावलांवर होता, त्याला वीस मिनिटं लागली. एका पावलाच्या ठशात पडून दोन मिनिटं तिथंच हातपाय मारत होतं. साठ माणसं श्वास धरून उभी. मग एक लाट आली आणि पिल्लू गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारी बघितलं तर सोम्या रडत होता.

"वाळू गेली काय डोळ्यात?"

"व्हय."

"दोन्ही?"

"व्हय."

परतताना त्यानं स्वयंसेवकाला विचारलं, ह्याची आई कुठं असेल. तो म्हणाला, ती अंडी घालून त्याच रात्री निघून जाते, परत बघायलासुद्धा येत नाही.

"न सांगता?" सोम्या म्हणाला.

"कासवानं सांगायचं कुणाला?" मी म्हणालो. हा मला तेव्हा विनोद वाटला होता.

अंधार पडला. सात वाजून गेलेले. मी म्हणालो, "काकी जेवाय घालतील न्हवं?"

"न्हाय," सोम्या म्हणाला. "विचारलोय मी. त्या जेवण देत न्हाईत. गावात बघू."

गावात बघायला निघालो. त्या संध्याकाळी मला जगात एवढंच हवं होतं: नवस न मोडता पोटात काहीतरी. कोकणातल्या किनाऱ्यावर ही मागणी किती अवघड आहे, ते कोडोलीत बसून कळत नाही.

पहिली खानावळ बंदराजवळ. आत तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं. मी नजर छताकडं ठेवून विचारलं, "भाजी काय हाय?"

"वालीची."

"चालतीय."

"सुकट घातलाय थोडा. चवीपुरता."

"सुकट नसलेलं काय?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "पाणी," म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी एक बाई दारातच बसलेल्या. जेवण मिळेल का म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू आम्ही त्यांचं घर मागितलं. "दुपारी सांगितलात काय?"

"न्हाय. आत्ता आलोय."

"मग आता खंयचा जेवाण? हय सांगतात तितकाच शिजता."

मला ते समजेना. आमच्याकडं पावणं दारात उभं राहिलं की रश्श्यात तांब्याभर पाणी वाढतं आणि आणखी चार जणं जेवतात. जेवायची वेळ आधी कळवायची हे मी फक्त लग्नपत्रिकेत बघितलं होतं. मी सोम्याला म्हणालो, "बघ की! दुपारीच सांगाय लागतंय म्हणं हितं. ठाव असतं तर सांगिटलं नसतं व्हय?"

सोम्या चपलेतली वाळू झाडत होता. एकाच चपलेतली, फार वेळ.

तिसरं ठिकाण नव्हतंच. किराणा दुकान होतं. पांढऱ्या मिशांचा दुकानदार दिवा लावून पेपर वाचत बसलेला. मी बिस्किटाचे दोन पुडे मागितले. त्यानं विचारलं, कुठले. म्हटलं, कोल्हापूर.

"म्हणजे विठाबाईकडले पाहुणे?" त्यानं चष्मा वर केला. "मग बिस्किटं कशाला खाता? ती दुपारी माझ्याकडून वांगी, बटाटे घेऊन गेली. कोल्हापूरचे पाहुणे रात्री जेवायला आहेत म्हणाली. मुलगा सुरमईसाठी बंदरावर गेला तिचा."

मी सोम्याकडं बघितलं. सोम्या बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचत होता.

"दुसरं कोणतरी कोल्हापूरचं असंल," तो म्हणाला.

"किती खोल्या हाईत त्यांच्याकडं?"

"एक," दुकानदार म्हणाला.

पुडे तिथंच ठेवून आम्ही घराकडं वळलो. विठाबाई ओसरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"खंय होतात रे? कधीपासून ताटां झाकून ठेवलंय! एक भाजीचा, एक सुरमयचा. तूच सांगितलंस मा दुपारी?" हे सोम्याला. "आणि गावभर फिरतास?"

त्या बडबडत आत गेल्या आणि दोन ताटं आणून ओसरीवर ठेवली. एकात वांग्या-बटाट्याची भाजी, तांदळाची भाकरी, वरण-भात. दुसऱ्यात सुरमईची तळलेली तुकडी, ताटाच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत. वर लिंबू. अठरा महिन्यांनी एवढ्या जवळून बघत होतो. डोळ्यात पाणी आलं, पण ते तोंडातलं जास्त झालेलं असणार.

"सुरमई कुणाला?" मी विचारलं.

"तुला."

"का?"

सोम्या खांबाला टेकून खाली बसला. "नवस संपला."

"कवा?"

"संक्रांतीला लेटर आलं. सरकारी हाय. क्लार्क. गोंदियाला."

मी मनात मोजलं. संक्रांत, मग माघ, शिमगा. मधल्या काळात गावजत्रा झाली होती. केळं.

"दोन म्हैने?"

"एका म्हैन्यात हजर व्हायचं हुतं. मुदत वाढवून घेतली. दोनदा. आता येत्या बुधवारी शेवटची तारीख."

"अर्जात कारण काय लिवलास?"

"घरगुती अडचण."

"तुझ्या घरात कसली रं अडचण?"

तो ताटाकडं बघत म्हणाला, "तू."

आतून काकी म्हणाल्या, भात हवा तर सांगा.

"तुला सांगिटलं असतं की त्याच दिवशी तू जोतिबाला गेला असतास," सोम्या म्हणाला. "दुसऱ्या दिवशी रानात रस्सा. आणि मी परत मोटारीच्या खोलीपाशी. जोत्या, अठरा म्हैने माझ्यासंगं कोणतरी जेवलं रं. मला वाटलं, जायाच्या दिवसापर्यंत असूंदे. हितं नेतो, मासं खाया घालतो, मग सांगतो. दुपारी काकींना सांगतानाबी धीर हुता. ते पिल्लू गेलं आन् मग झालंच न्हाय."

"म्हणून मला गावभर बिस्किटं हुडकाय लावलास."

"व्हय."

"घरात कुणाला ठाव हाय?"

सोम्यानं खांबावरचा पोपडा नखानं काढला.

"अव्वाला?"

"तिनं बॅग भरलीय. तुझ्यासमोर काढायची न्हाय म्हणून ज्वारीच्या कणगीमागं ठेवलीय."

सोम्याचं मला एवढं लागलं नाही. पण ती बाई रोज माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकत होती, "ऊटा आयता" विचारत होती, आणि मागं कणगीशी बॅग. सकाळी आम्ही निघताना तिनं मला विचारलं होतं, परत कधी येणार. मला. तिला म्हणायचं होतं, ह्याला घेऊन लवकर ये, दिवस कमी आहेत. मी म्हणालो होतो, येतो की निवांत.

"खा," सोम्या म्हणाला. "गार हुतंय."

"कसं खाऊ?"

"नोकरी लागली की."

"लेका, तू माझ्या शेजारीच उभा हुतास. मी काय बोललतो? गुलाल-खोबरं उधळतो, *मगच* खातो. कुठं?"

सोम्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ह्यानं दोन महिने कट केला, दोनदा सरकारला फसवलं, कासवं शोधून काढली, सुरमई सांगितली, आणि मूळ अट विसरला.

"हितं गुलाल मिळंल की दुकानात," तो बारीक आवाजात म्हणाला.

"जोतिबाच्या पायरीवर उधळाय लागतोय. समुद्रात न्हवं."

मग मी भाजीचं ताट माझ्याकडं ओढलं आणि सुरमईचं त्याच्यापुढं सरकवलं. ओसरीच्या फरशीवर ते घासत गेलं, आवाज मोठा झाला. काकी बाहेर येऊन बघून गेल्या.

मी जेवायला लागलो. वांगं चांगलं होतं, अव्वासारखं नव्हतं. सोम्या ताठ बसून होता. त्याच्या घराण्यात ज्याच्या जवळून कुणी गेलं नसेल असला मासा त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर पडलेला. चाळीस पावलं लांब जायला ओसरी तेवढी लांब नव्हती.

"भूक लागलीय जोत्या," तो म्हणाला.

"दुपारी सांगाय पाहिजे हुतंस."

कुठूनतरी काकींचं मांजर आलं आणि ताटासमोर बसलं. सोम्यानं त्याला हाकललं नाही. मांजरानं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि सुरुवात केली. आम्ही दोघं बघत राहिलो. पहिल्यांदाच एवढं जवळ बसून त्यानं कुणाला मासं खाताना बघितलं असेल. हलला नाही.

"बुधवारी हजर म्हणजे सोमवारी निघाय लागंल तुला," मी म्हणालो.

"व्हय."

"मग जोतिबाला रविवार मोकळा हाय."

त्यानं मान वर केली. मी त्याच्याकडं बघितलं नाही. ताटात एकच भाकरी उरली होती. ती मी मधोमध मोडली. अर्धी खाल्ली. अर्धी त्याच्या बाजूच्या काठावर ठेवली. दिली नाही. नुसती ठेवली.