अर्धा जळालेला मोह

मी मोहाचं एक जुनं झाड आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, अर्धा जळालेला असलो तरी माझी कीव करू नका! कशेळ्याच्या वरच्या रानात, ठाकरवाडीच्या अंगाला मी उभा आहे. चैत्रात माझी फुलं गळली की पहाटे भेकरं येतात, मागून वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन. सगळ्यांना पुरून उरतो मी.

माझ्या वरच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालते. ढोलीचं तोंड लिंपून ती स्वतःला आत कोंडून घेते. तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नर बाहेरून फटीतून तिला फळं भरवतो.

फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून बाया आदल्या दिवशी माझ्या बुडाचा पाला झाडून काढतात. गेल्या वर्षी वाडीतल्या सुनंदाला घाई होती. तिने खराटा घेतलाच नाही, सरळ काडी ओढली. वारा सुटला आणि जाळ माझ्या खोडाला भिडला. मला पळता येत नव्हतं, वरच्या मादीलाही नाही. असा संतापलो मी! पण सुनंदा पळाली नाही. ऐनाचे हिरवे टहाळे घेऊन एकटी जाळ झोडपत राहिली. हात पोळले तिचे.

आग विझली, पण माझं एक अंग कोळसा झालं. चार दिवसांनी वनरक्षक जगदीश आला. खोड ठोकून म्हणाला, "पोकळ झालंय. कुणाच्या तरी डोक्यात पडेल. तोडायला लागणार."

सुनंदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हाताला फडकी बांधलेली.

"चूक माजी हाय सायेब, मला बोला. पन वर बाळंतीण हाय. बाळंतिणीचं घर कोन मोडतं का?"

जगदीशने वर पाहिलं. नर उंबर घेऊन आला होता, फटीतून चोच बाहेर आली. "बरं बाई," तो म्हणाला, "पिल्लं उडेपर्यंत थांबतो."

पिल्लं उडाली. मग आषाढात वादळ आलं. शेजारचे दोन धडधाकट साग आडवे झाले. मी? हूं! जागचा हललो नाही. जगदीश कुऱ्हाडवाले घेऊन आला, मला बघून हसला आणि त्यांना घेऊन परत गेला.

या चैत्रात उरलेल्या अंगाने मी भरभरून फुललो. आता कुणी काडेपेटी काढली की सुनंदाच ओरडते, "ठेव गं ती! खराटा घे!"

मित्रांनो, रानात काडी ओढण्याआधी तुम्हीही एकदा वर बघा. माझी ढोली पुन्हा लिंपली गेली आहे. आत बाळंतीण आहे, आणि दारात मी उभा आहे. या, कोण हलवतो मला, बघतोच!