खऱ्या रुंदीचा चेहरा

आमच्या घराण्यातले कृष्णाजीपंत हे भोसल्यांच्या तोफखान्याबरोबर नागपूरहून जबलपुरास आले. त्यांचे पणतू सदाशिवराव कमिसरियटमध्ये, म्हणजे फौजेच्या रसदखात्यात, लागले. सदाशिवरावांचे चिरंजीव बापूसाहेब, म्हणजे आमचे यजमान, तोफगाड्यांच्या कारखान्यात होते. आमचा अच्युत त्याच कारखान्यात तोफांच्या दुर्बिणी दुरुस्त करी.

अच्युत जन्मला तेव्हा मी विषमज्वराने अंथरुणावर होते. घमापुरातली आमची शेजारीण भानुमती हिने आपल्या श्रीरंगाबरोबर त्यालाही अंगावर पाजले. ते ऋण मी कधी बोलून दाखवले नाही आणि कधी विसरलेही नाही.

पासष्टच्या लढाईत श्रीरंग बेपत्ता झाला. पुढे टॉकीजमध्ये चित्रपटाआधीच्या युद्धवार्तांत चहा पिणारे काही जवान दिसले. त्यांतला हसणारा आपलाच मुलगा, असे भानुमती सर्वांना सांगू लागली, आणि तिचे मन मोडू नये म्हणून सगळे ‘हो’ म्हणत. परंतु रुंद पडद्याच्या चित्रपटांसाठी प्रोजेक्टरच्या भिंगापुढे बसवलेले विलायती जोडभिंग आटे झिजल्यामुळे निघत नव्हते, आणि त्यातून साधी फीत दाखवली की माणसे दुप्पट रुंद होत.

“अम्माजी, इस मशीन पे तो सबका मुँह रोटी हो जाता है,” ऑपरेटरने तिला सांगून पाहिले.

“वहिनी, आईला काहून ओळखू येणार नाही?” तिने मला विचारले.

अच्युत वर्षभर याच दोषावर उपाय आखत होता. त्या जोडभिंगापुढे बसवायच्या एका पितळी पेटीत काचेचे दोन लोलक आणि बाजूला स्क्रू. तो फिरवला की लोलक कलत आणि ताणलेले चित्र हवे तितके आकसे. या नादाची मी पुष्कळ थट्टा केली होती. आता मीच फर्मावले, शुक्रवारी ती फीत गावाबाहेर जाण्याआधी पेटी पुरी झाली पाहिजे. लढाई थांबली तरी कारखान्यात दुहेरी पाळ्या होत्या. तो घरी येई आणि न जेवताच काचा घासायला बसे.

गुरुवारी दुपारच्या खेळाआधी मालकाने आम्हांला टॉकीज उघडून दिले. रिकाम्या खुर्च्यांत भानुमती एकटी बसली. मी वर प्रोजेक्टरच्या खोलीत अच्युतजवळ उभी राहिले. ऑपरेटर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावी आणि प्रत्येक खेपेला अच्युत स्क्रू थोडा फिरवी. पडद्यावरचे गाल आत येऊ लागले, हनुवटी लांबली. ते श्रीरंगाचे हसू हळूहळू कोणा परक्या, सडपातळ पोराचे होत चालले.

अच्युतचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले.

“राहू दे तिथेच,” मी म्हणाले. आमच्या घरात माझा शब्द कोणी मोडत नसे.

खालून भानुमतीचा आवाज आला. “अच्युत, पुरा फिरव. मला त्या पोराचं खरं तोंड दाखव.”

त्याने माझे ऐकले नाही आणि मलाही त्याला अडवता आले नाही. स्क्रू शेवटपर्यंत फिरला.

आम्ही खाली गेलो तेव्हा भानुमती पदर सावरून उभी होती. ती रडत नव्हती. पितळ घासून काळे पडलेले अच्युतचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले.

“कोणा दुसरीचा आहे तो,” ती म्हणाली. “सगळे मला खोटी आशा देत होते. तू दिली नाहीस. माझं दूध फिटलं रे, बाळा.”