उंचावरची तक्रारपेटी

जरा डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. पाच खाटा, एक मोठी खिडकी, भिंतीवर गोल घड्याळ. आणि दाराच्या वर, पार छताला टेकलेली, एक लाल पेटी. तिच्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘तक्रारपेटी’. आता हात वर करा बरं. पोहोचला? नाही ना? टिटवीचाही पोहोचत नव्हता.

टिटवी नऊ वर्षांची. एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून मामाने ठेवलेलं नाव. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. पाय मुरगळतो ना, तसं एकदा त्याचं मन मुरगळलं. झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं बंद झालं. गावातल्या छोट्याशा रुग्णालयात अशा आजारांसाठी ही पाच खाटांची खोली होती म्हणून बरं. नाहीतर मोठं इस्पितळ आठ तासांच्या वाटेवर. इथे टिटवी दर शनिवारी शाळेतून थेट मामाकडे येई, आणि सहा आठवड्यांत मामा पुन्हा बोलायला लागला होता.

पण अशी खोली चालवायला सरकारचा परवाना लागतो. दर तीन वर्षांनी तपासणी होते. परवाना गेला की खोलीला कुलूप, आणि मामा आठ तास लांब. आज नेमकी तीच तपासणी होती.

“आज तक्रारीचं नाव काढायचं नाही कुणी,” डॉक्टरांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. “हसतमुख राहायचं.”

त्यामुळे पाचही रुग्ण फोटो काढायला बसल्यासारखे हसत होते. टिटवीला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या दप्तरातल्या कंपासपेटीत मामाच्या तेवीस चिठ्ठ्या होत्या. दर शनिवारी मामा म्हणायचा, “टिटवे, एवढ्या त्या पेटीत टाकायला सांग गं कुणाला तरी.” टिटवी एकदा वर बघायची, एकदा डॉक्टरांकडे बघायची. तक्रारी वाचून ते चिडले आणि मामाला घालवून दिलं तर? मग ती चिठ्ठ्या गुपचूप कंपासपेटीत कोंबायची आणि मामाला सांगायची, “टाकल्या!”

तपासनीसबाई आल्या. त्यांनी खाटांमधलं अंतर मोजलं, दार बाहेरून-आतून उघडून पाहिलं, औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. सगळं ठीक. मग त्यांनी मान वर केली. आणखी वर केली.

“ही पेटी इतकी उंच का?”

“नियमातच आहे, बाई,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “सर्वांना दिसेल अशी असावी. फाटकातून दिसते आमची!”

“आणि उघडता कधी?”

“दर सोमवारी, शिडी लावून,” डॉक्टरांची छाती फुगली. “तीन वर्षांत एक चिठ्ठी नाही. एकसुद्धा!”

बाईंचं पेन थांबलं. “मग परवाना देता येणार नाही.”

डॉक्टरांचं हसू तोंडावरच वाळलं.

“माझ्या घरी आम्ही तिघं आहोत,” बाई म्हणाल्या. “सकाळी नऊच्या आत चार तक्रारी होतात. इथे पाच माणसं राहतात, आणि तीन वर्षांत कुरकुरसुद्धा नाही? एकतर त्यांना लिहिता येत नाही, नाहीतर त्यांना तुमची भीती वाटते. पेटी वापरात हवी, हाही नियमच आहे.”

डॉक्टर गर्रकन रुग्णांकडे वळले. “अहो, करा की तक्रार! करा कुणीतरी!”

“सकाळी तुम्हीच नको म्हणालात,” कोपऱ्यातले आजोबा हसतमुखानेच म्हणाले.

“आत्ता केलेली चालणार नाही,” बाईंनी वही मिटायला घेतली.

टिटवीची इकडे आड तिकडे विहीर झाली. चिठ्ठ्या द्याव्यात तर डॉक्टर चिडणार. न द्याव्यात तर मामा जाणार. तिने मामाकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि कंपासपेटी बाईंपुढे धरली.

“मामा, मी खोटं बोलले. टाकल्याच नव्हत्या.”

मामा म्हणाला, “तरीच म्हटलं, चहा अजून तसाच कसा!”

बाई पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचू लागल्या. “‘चहा पाणचट आहे. सकाळी सात वाजून अकरा मिनिटे. भिंतीवरच्या घड्याळात सात चोवीस. ते तेरा मिनिटे पुढे आहे. ही दुसरी तक्रार समजावी.’”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे. बरोब्बर तेरा. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

“‘मोठ्या सिस्टर पहाटे गातात. आवाज छान. पण रोज एकच कडवं. पुढचं शिकावं.’”

सिस्टर कानापर्यंत लाल झाल्या.

“प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आहे, मिनिटापर्यंत वेळ आहे,” बाई म्हणाल्या. “आता प्रत्येकीला लेखी उत्तर हवं. आणि पेटी खाली हवी. माझी बस पाचला आहे.”

मग काय धांदल उडाली! डॉक्टर शिडीवर चढले. सिस्टर उत्तरं लिहायला बसल्या: ‘दुसरं कडवं येत नाही. शिकते.’ पेटी खाली आली, तसं डॉक्टरांनी घड्याळही काढलं आणि मामाच्या हातात ठेवलं. सहा आठवड्यांनी मामाच्या हातात घड्याळ आलं होतं. त्याने ते कानाशी धरलं, काटे तेरा मिनिटं मागे फिरवले आणि बाईंकडे पाहून म्हणाला, “चार एकोणचाळीस.”

बाईंनी मनगटाकडे पाहिलं आणि परवान्यावर सही केली.

टिटवीने मात्र वहीचं पान टरकावलं आणि त्यावर लिहिलं, ‘मामाला फक्त शनिवारी भेटता येतं. बुधवारीपण भेटू द्यावं.’ मग विचारलं, “मामा, आत्ता नक्की किती वाजले?”

“चार त्रेचाळीस.”

तिने ते नीट खाली लिहिलं, चिठ्ठीची घडी घातली, आणि हात जेमतेम छातीइतका वर करून ती पेटीत टाकली.