गाडीत न बसणाऱ्याची हजेरी

केंद्रात सगळे तिला वहिनी म्हणत. खरं तर ती एकट्या अक्कांची वहिनी, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. पण अक्का दिवसभर खणखणीत आवाजात "वहिनीऽ" म्हणून हाका मारत, आणि त्या ऐकून ऐकून गाडीचा ड्रायव्हर, पाणी आणून देणारा, माणसांना सोडायला येणारे आईबाप, सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली. एकदा नवऱ्यानेही बोलता बोलता तिला वहिनी म्हटलं, आणि मग कितीतरी दिवस घरात त्याची खैर नव्हती.

अक्का पूर्वी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या शेजारची एक मुलगी, अंगाने वाढलेली पण समजेने लहान राहिलेली, विशेष मुलांच्या शाळेत जायची. तिला अठरा वर्षं पूर्ण झाली तसा शाळेने तिला निरोप दिला. दुसऱ्या दिवसापासून ती तयार होऊन, दप्तर मांडीवर घेऊन खिडकीत बसू लागली. अक्कांनी ते काही महिने पाहिलं, मग नोकरी सोडली आणि बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानाचा हॉल भाड्याने घेतला. "मोठ्या माणसालाही सकाळी उठून कुठेतरी जायला लागतं," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आता तिथे तिसेक माणसं रोज यायची. कुणी पाकिटं चिकटवायचं, कुणी कुंड्यांना पाणी घालायचं, कुणी नुसतंच काचेतून रस्ता बघत बसायचं. नुसतं बसणाऱ्यालाही तिथे कुणी उठवत नसे.

वहिनीची नोकरी वेगळीच होती. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या एका कंपनीत ती टेंडर भरायची. कुठल्या अटीत काय दडलंय हे तिला वासावरून कळतं, असं तिचे साहेब म्हणत. तिने भरलेल्या टेंडरांवर कितीतरी पूल उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या उद्घाटनाला तिला सोडून सगळी कंपनी गेली. पुढे ती कंपनी दुसऱ्या शहरात गेली, ही मागे राहिली. "नुसती घरी बसून काय करतेस? ये इकडे," असं म्हणून अक्कांनी तिला बोलावून घेतलं. तेव्हा केंद्राची सगळी कागदपत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. वहिनीने ती कपाटात आणली.

अशात एक दिवस नवरा सकाळच्या चहाला पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "अगं, हे तुझ्या कामाचं दिसतंय."

सरकारने ठरवलं होतं की अशी केंद्रं आता सगळीकडे काढायची आणि ती चालवायला बाहेरच्या संस्थांना कंत्राट द्यायचं. पाच विभाग पाडले होते. एका विभागासाठी भरा नाहीतर पाचही विभागांसाठी भरा. वहिनीने चहा तसाच ठेवला आणि ती सगळी जाहिरात उभ्याउभ्याच वाचून काढली. तिचे हात शिवशिवायला लागले.

"पाचही भरायचे," केंद्रात पाऊल टाकल्या टाकल्या तिने अक्कांना सांगितलं. "अनुभवाची अट आपण पुरी करतो, आणि असं केंद्र प्रत्यक्ष चालवणारं आजूबाजूला दुसरं कुणी नाही. अक्का, अशी संधी परत यायची नाही."

अक्का एकाच्या बुटाची नाडी बांधत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "माणसं कोण आहेत?"

"कुठली माणसं?"

"जी येणार ती. त्या पाच विभागांतली."

"ती नंतर कळतील ना. आधी टेंडर भरायचं, मग कंत्राट मिळतं, मग माणसांची यादी देतात."

"मला आधी बघायचीत," अक्का म्हणाल्या, आणि दुसऱ्या पायाची नाडी बांधायला लागल्या.

वहिनीने कपाळावर हात मारला. पूल बांधायच्या आधी त्यावरून कोण जाणार त्यांना भेटून येते म्हणणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. पण अक्कांनी एकदा मनावर घेतलं की त्यांना अडवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही, हेही तिला माहीत होतं.

आधी त्यांनी केंद्रातल्यांनाच विचारलं. सगळ्यांना गोल बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं, की आणखी पुष्कळ माणसं आली तर कसं वाटेल. मग सेक्रेटरी उभा राहिला. चाळिशीचा गृहस्थ, खिशाला कायम पेन, म्हणून हे नाव. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, "माझ्या खुर्चीवर कोण बसणार?"

"तुझ्या खुर्चीवर तूच."

"मग ते कुठे बसणार?"

अक्कांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने इथेच वरचा मजला घ्यायचा, माणसं वाढवायची, असा बेत मनात पक्का केला होता. तिने हॉलभर नजर फिरवली. गोल आत्ताच भिंतींना टेकलेला होता. प्रत्येकाची एक जागा होती, आणि ती जागा मिळवायला काहींना वर्ष वर्ष लागलं होतं. "त्यांना त्यांचं वेगळं घर करू," ती सेक्रेटरीला म्हणाली. सेक्रेटरीने मान डोलावली आणि ठराव पास झाल्यासारखा खाली बसला.

मग दोघी जणी माणसं बघायला निघाल्या. सगळ्यात लांबचा विभाग डोंगराच्या पायथ्याचा, विखुरलेल्या वस्त्यांचा. तिथली एक आरोग्यसेविका अक्कांच्या ओळखीची निघाली. तिने आधी घराघरांत विचारून ठेवलं आणि ज्यांनी या म्हटलं त्यांच्याकडे दोघींना नेलं.

एका घराच्या उंबऱ्यावर तिशीतला एक उंचापुरा माणूस बसला होता. गुडघे पोटाशी, नजर खाली. त्याची आई म्हातारी होती. ती त्याला दादा म्हणायची. पाहुण्यांना आत घ्यायचं तर दादाला हलवायला लागलं असतं, म्हणून ती दारातूनच बोलत राहिली.

"गाडीबिडी नका आणू हं याच्यासाठी," ती म्हणाली. "लहानपणी एकदा दवाखान्याच्या गाडीत घातला होता, तेव्हापासून इंजिनाचा आवाज आला तरी किंचाळतो. मागे कुणी कुणी आले होते. चौघांनी धरून बसवायला बघितलं. नंतर किती तरी दिवस जेवला नाही."

"नाही घालत," अक्का म्हणाल्या. आणि त्या दादापासून हातभर अंतरावर, अंगणात, फरशीवर फतकल मारून बसल्या.

वहिनीला वाटलं, आता बोलतील, काही समजावतील. अक्का काहीच बोलल्या नाहीत. आरोग्यसेविका शेजारच्या घरी जाऊन आली. सावली अंगणातून सरकत भिंतीवर चढली. दादाच्या पायाशी एक लाकडी रीळ पडलं होतं. कधीतरी त्याने ते बोटाने ढकललं. ते घरंगळत अक्कांच्या गुडघ्याला लागलं. अक्कांनी ते तितक्याच हळू परत ढकललं. दादाने पुन्हा ढकललं. त्याची आई दाराची चौकट धरून बघत राहिली, आणि मग पदर नाही, रुमाल नाही, सरळ हाताच्या पंजानेच तिने डोळे पुसले.

वहिनी अक्कांबरोबर कितीतरी वर्षं एका घरात जेवत होती. या बाईला काय येतं हे आपल्याला अजून नीटसं ठाऊक नाही, असं तिला त्या अंगणात पहिल्यांदा वाटलं.

परतीच्या वाटेवर अक्कांनी विचारलं, "त्या कागदात पैसे कशाचे देणारेत?"

"हजेरीचे. गाडीतून माणूस केंद्रात पोचला की एक हजेरी."

"आणि दादा?"

ती अट वहिनीने वाचली होती, आणि वाचताना ती चांगली वाटली होती. मोजायला सोपी, भांडण नाही. तिला आता स्पष्ट दिसलं, की या अटीवर दादा एकतर कुणाच्याच खिजगणतीत येणार नाही, नाहीतर चौघं त्याला धरून रोज गाडीत कोंबणार.

"मग नकोच भरायला," अक्का म्हणाल्या. "असल्या कामात मी नाही."

"थांबा हो अक्का. एवढ्यात नको म्हणू नका. टेंडर भरायच्या आधी एक बैठक असते. सगळ्यांनी शंका विचारायच्या. नुसती तोंडी विचारली तर वाऱ्यावर जाते. लेखी दिली की खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं. आणि उत्तर पटलं तर अट बदलते. सगळ्यांसाठी बदलते."

"असं असतं होय?" अक्कांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मग लिही की."

वहिनीने लिहिलं. चार वेळा खोडलं. अक्का सांगत होत्या दादाबद्दल, आणि ती ते खात्याच्या भाषेत बसवत होती, की ज्याला वाहनात बसणं सोसत नाही त्याच्या घरी जाऊन काम केलं तर ती हजेरी धरावी. आणि जो एखाद्या दिवशी नको म्हणेल त्याचा नकार मानल्याबद्दल संस्थेला दंड होऊ नये. "हे असं कोरडं कशाला?" अक्कांनी विचारलं. "कोरडंच टिकतं," वहिनी म्हणाली.

बैठकीला मोठं दालन होतं, लांबलचक टेबल, आणि मध्ये खात्याच्या अधिकारी मॅडम. आलेल्यांत सर्वांत बडा माणूस पुरवठादार होता. सरकारी कचेऱ्यांना पहारेकरी आणि सफाई कामगार तोच पुरवायचा. शंका निघाल्या त्या अनामत किती, बिलं कधी, दंड कशाकशाला, अशा. मग अक्का उभ्या राहिल्या.

"जो गाडीत बसत नाही," त्यांनी विचारलं, "त्याच्याकडे आम्ही चालत गेलो, तर सरकार ते धरणार का?"

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं. पुरवठादार म्हणाला, "ताई, जो येत नाही तो येत नाही. सोडून द्यायचा. बाकीचे आहेत ना."

"तुम्ही त्याला बघितलंय का?" अक्कांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अक्कांनी मग दादाचं सगळं सांगितलं, नाव न घेता, रिळासकट. तोवर हसणारा हसायचा थांबला होता. वहिनीने उठून लेखी शंका मॅडमसमोर ठेवली आणि पोच मागितली. मॅडमनी ती दोनदा वाचली. "ही अट आम्ही इथे बसूनच लिहिली होती," त्या हळूच म्हणाल्या आणि पोच दिली.

शुद्धिपत्रक निघालं. घरी जाऊन केलेलं काम हजेरीत धरलं जाईल, मात्र अर्ध्या दराने. नकाराला दंड नाही. अट पाचही विभागांना लागू.

त्या दिवशी गाडी सगळ्यांना सोडायला गेली होती आणि हॉल रिकामा होता. वहिनीने सगळा हिशेब मांडून ठेवला. "तू ठरव," अक्का म्हणाल्या.

"मी? केंद्र तुमचं आहे, अक्का."

"माणसं मला कळतात. आपल्याला किती झेपेल ते तुला कळतं. मला विचारशील तर मी सगळ्यांनाच हो म्हणेन आणि सगळ्यांनाच बुडवेन. म्हणून तू."

वहिनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाचही विभागांचा आकडा तिने कितीदा मनात घोळवला होता. पाच केंद्रं, पाच पाट्या, आणि या खेपेला उद्घाटनाला ती स्वतः. दर अर्धा असला तरी शहरालगतचे चार विभाग सहज निभावले असते, कारण तिथली बहुतेक माणसं गाडीत बसणारी. तोट्याचा होता तो पाचवा, डोंगराकडचा. पाचही घेतले तर चारांतून पाचव्याचं भागलं असतं. कागदावर सगळं बसत होतं. पण त्या पाच जागी अंगणात फतकल मारून कोण बसणार? अक्का एकच होत्या. अक्कांसारखी माणसं तयार व्हायला वेळ लागणार होता, आणि त्या वेळासाठी कुठल्याही टेंडरात रकाना नसतो. घाईने नेमलेली माणसं काय करतात ते दादाच्या आईने सांगितलंच होतं.

"एकच भरायचा," ती म्हणाली. "डोंगराकडचा. तो दुसरं कुणी घेणार नाही. या केंद्राला मिळणारी देणगी थोडी तिकडे वळवावी लागेल, ओढाताण होईल. पण निभेल. मी निभावते."

अक्का उठून आल्या. त्यांनी वहिनीच्या पाठीवर अशी थाप मारली की तिला ठसका लागला. खेळाच्या शिक्षिकेला दुसरं कौतुक येत नाही.

डोंगराकडच्या विभागाला दुसरं कुणीच टेंडर भरलं नाही, त्यामुळे तो त्यांनाच मिळाला. उरलेले चारही पुरवठादाराला मिळाले. वहिनीला ते ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पायथ्याच्या गावात त्यांनी एक जुनी पिठाची गिरणी भाड्याने घेतली, धुऊन काढली, खिडक्या मोठ्या केल्या. ज्यांना यायचं ते येऊ लागले. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्याकडे अक्का आणि दोन नव्या मुली पायी जाऊ लागल्या. अर्ध्या दरात पूर्ण दिवस जायचा. वहिनीच्या नाकी नऊ आले, पण दर महिन्याला पगार झाले.

असेच काही महिने गेल्यावर पुरवठादाराचा फोन आला. त्याने थेट वहिनीला विचारलं, "मॅडम, ते घरी जायचं कलम आमच्याही गळ्यात पडलंय. आमची माणसं जातात, पण करायचं काय ते त्यांना समजत नाही. दारातून परत येतात. तुमच्या ताई काही सांगतील का?"

वहिनीच्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. तिने फोनवर हात ठेवून अक्कांना विचारलं.

"पाठव म्हणावं," अक्का म्हणाल्या. "सगळ्यांना पाठव. आणि तो पण येऊ दे."

ते आले. गणवेशातली उभी आडवी माणसं, आजवर फाटकांवर उभी राहिलेली, गिरणीच्या हॉलमध्ये कोंडाळं करून उभी राहिली. पुरवठादार मागे, हातात मोबाइल. अक्कांनी सगळ्यांना फरशीवर बसायला सांगितलं.

"आज काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं शेजारी बसायला शिकायचं. अवघड आहे. मला पाच वर्षं लागली."

वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिला आत ऑफिसात पुढच्या महिन्याचं बिल करायचं होतं. ती वळली, तेवढ्यात तिला दिसलं की पुरवठादाराने मोबाइल खिशात टाकला, पँट गुडघ्यावर वर ओढली आणि एका तरुण पहारेकऱ्याच्या शेजारी अवघडून मांडी घातली. ती बिल करायला निघून गेली.