तळाचा नमुना

गुलाबी सरोवराकाठच्या त्या कारखान्यात सकाळच्या चहाला जाण्याआधी पिंपांची झाकणं काढून ठेवायची रीत होती. शेवाळातला रंग ओढून घ्यायला हेक्झेन, म्हणजे पेट्रोलच्या जातीचं उडून जाणारं द्रावण, लागतं. काम झालं की ते उडवून लावायचं आणि मागे केशरी तेल उरतं. झाकण उघडं ठेवलं की त्यातला राहिलासाहिला अंशही वाऱ्यावर जातो, असा सगळ्यांचा समज. चहा पिऊन आलं की प्रयोगशाळेतली कोराली वरूनच चमचाभर नमुना काढायची. मनात चोर कुणाच्याच नव्हता. पण चूक व्हायला मनात चोर असावाच लागतो असं थोडंच आहे?

त्या दिवशीचा नमुनाही उत्तम आला. खाण्याच्या तेलात कायदा जेवढं हेक्झेन चालवून घेतो, त्याच्या कितीतरी खाली.

"कर दाखल्यावर सही, बाई," मॅनेजर मेरिडी दारातूनच म्हणाली. "गाडी उन्हात तापतेय."

माल लहान मुलांच्या खाऊत जायचा होता. आज संध्याकाळी तो बंदरावर पोचला नाही तर गिऱ्हाईक तुटणार, आणि हे गिऱ्हाईक तुटलं की कारखान्याला कुलूप. कोरालीचा धाकटा भाऊ लेनी तिथेच पिंपं भरायचा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते.

कोरालीने पेन उघडलं, तेवढ्यात गाडीवाला क्लाइव्ह नाक मुरडत आत आला.

"काय हो, पेट्रोल कुणाचं गळतंय?"

"तुझ्याच मिशांना लागलं असेल," लेनी हसला.

"मिशांचं सोड. लेका, शेवटचं पिंप बंद करताना वाकून बघ जरा."

लेनीने वाकून हुंगलं. "छे! काही नाही."

कोरालीनेही हुंगलं. तिलाही काही आलं नाही, आणि त्यानेच ती चपापली. बाहेरच्या माणसाला दारातून येतो तो वास आपल्याला पिंपात तोंड घालूनही येऊ नये? देवा, नाकं मेली की काय आमची!

तिने लांब काचेची नळी घेतली आणि थेट तळापर्यंत घातली.

"आता हे काय नवीन?" मेरिडीचा आवाज चढला.

"तळाचं बघते."

तो नमुना यंत्रात घातला तशी त्यावरची रेघ चढायला लागली. थांबेल, आता थांबेल, म्हणून तिघं बघत राहिली. रेघ मर्यादा ओलांडून वर गेली, आणखी वर गेली. गाडीत परत जाऊन बसलेल्या क्लाइव्हने बाहेर हॉर्न वाजवला.

मेरिडी जवळ आली. हलक्या आवाजात म्हणाली, "पहिल्या नमुन्यावर सही कर. तोही तूच काढलास. खोटा तर नाही ना?"

"खोटा नाही. पण तो वरच्या चार बोटांचा आहे, उघड्या झाकणातून तेवढ्यातलंच उडून जातं. मुलांना काय वरची चार बोटंच मिळणार आहेत?"

"आणि ह्याचं मूल? ते काय खाईल?" मेरिडीने लेनीकडे बोट केलं. "सांग की रे तुझ्या बहिणीला!"

लेनीने कपाळाचा घाम दंडाने पुसला.

"ताई, पुन्हा तापवून काढलं तर?"

"दोन दिवस लागतील."

"मग संपलंच," मेरिडी म्हणाली.

कोरालीने पेन बंद केलं. मेरिडीने त्या रेघेकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग खिडकीशी गेली आणि तिने क्लाइव्हला हाताने जायची खूण केली. रिकामी गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर पडली.

गिऱ्हाइकाचा नंबर लावायला मेरिडीने फोन उचलला, तेव्हा लेनी चाचरत बोलला.

"पण ताई... याआधी गेलेली पिंपं? त्यांचेही नमुने आपण वरूनच काढायचो ना?"

कोरालीने जुन्या नमुन्यांची वही पुढे ओढली.

"तेही सांग त्यांना, मेरिडी," ती म्हणाली. "सगळ्यात आधी तेच सांग."