सगळे आले

टूरमध्ये पुढचा भाव खातो आणि मागचा धूळ खातो. आमच्यात पुढे मी असायचे आणि मागे माझा भाऊ याकूमिस. मध्ये बोटीतून उतरलेले पाहुणे: नाकाचे शेंडे भाजलेले, डोक्यावर भाड्याचं हेल्मेट, हातात मोबाइल. ज्या चार जाड चाकांच्या उघड्या गाडीला ते क्वाड म्हणतात तिला आमच्या बेटावर डुकरीण म्हणतात, कारण ती तशीच घुरघुरते आणि रस्ता सोडून कुठेही घुसते. सावासमामाच्या गॅरेजात अशा डुकरिणींची रांग उभी असते. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. धंदा त्याचा, घाम आमचा.

बंदरातून वर पवनचक्क्यांपर्यंत, तिथून मठ, मठाखालची वळणं उतरून समुद्रकाठच्या खाणावळीत जेवण, असा आमचा फेरा. वरच्या वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून आम्ही एक खूण ठरवली होती. अवघड वळण आलं की मी पुढे जाऊन वेग कमी करायची आणि आरशात बघायची. पाहुणे एकामागून एक वळणातून बाहेर यायचे, सगळ्यांत शेवटी याकूमिस यायचा आणि डावा हात सरळ वर करायचा. म्हणजे सगळे आले, चल पुढे. त्या हाताची इतकी सवय झाली होती की तो दिसल्याशिवाय माझी गाडी वेग धरायची नाही.

एका उन्हाळ्यात मठाखालच्या वळणावर पाहुणे सगळे आले आणि हात आला नाही. वाऱ्याने रस्त्यावर खडी आणून टाकली होती. त्यावरून त्याची गाडी घसरली आणि त्याला घेऊन दरीत गेली. त्यात कुणाची चूक नव्हती. चूक कुणाची तरी असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आईने त्या वळणावर घुमटी उभी केली. लोखंडी खांबावर पत्र्याचं चिमुकलं देऊळ, पुढे काचेचं दार, आत तेलाचा दिवा, संताचं चित्र आणि काड्यापेटी. आमच्या रस्त्यांना अशा घुमट्या जागोजागी आहेत. कुणी गेलं की घरचे उभारतात. कुणी मरता मरता वाचलं तर तो स्वतः उभारतो, देवाचे आभार म्हणून. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. कुठली कुणाची ते गावाला पाठ असतं, परक्याला कळायचं काही कारण नाही.

सावासमामाने नेमकं हेच धरलं. टूर पुन्हा सुरू करायच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "थेमेलिना, पाहुणे घुमटीजवळ थांबणार, फोटो काढणार, विचारणार. तू काय सांगशील?"

"काय सांगायचं? खरं ते सांगेन."

"वेडी आहेस का? इथं गाडीवरून माणूस मेला म्हटलंस तर बायका तिथंच उतरून चालत बंदर गाठतील. वाचला म्हणून सांग. कुणाचं काय जातंय गं?"

"मामा, तुझा भाचा होता तो."

"म्हणूनच म्हणतोय," मामा म्हणाला आणि डोळे पुसत गल्ल्याकडे गेला. तो रडतही होता आणि धंदाही बघत होता. आमच्या घराण्याला दोन्ही एकदम जमतं.

पहिल्याच दिवशी एका स्वीडिश जोडप्याने विचारलं. मी म्हणाले, "इथे एक माणूस वाचला."

"अरे वा! मग आता कुठे असतो तो?"

हे मामाने शिकवलं नव्हतं. तोंडातून आपसूक निघून गेलं, "आमच्याकडेच असतो की. सगळ्यांत शेवटी चालवतो."

त्या दोघांनी हसून मागे वळून पाहिलं. मीही हसले. त्याच्याबद्दल 'असतो' म्हणताना मला भर उन्हात थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलं. पुढच्या वळणावर मी जुन्या सवयीने वेग कमी केला आणि आरशात बघितलं. पाहुणे आले. शेवटच्या गाडीमागे धुळीचा लोट होता, आणि त्या लोटातून एक डावा हात सरळ वर झाला.

भर दुपार होती. आमच्याकडे त्या वेळेला कुणी बाहेर पडत नाही. दारं-खिडक्या लावून माणसं झोपतात आणि रस्ते ज्यांचे असतात त्यांना सोडून देतात. दुपारी कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका, असं आई लहानपणी आम्हा दोघांना बजावायची. पण बोटी नेमक्या त्याच वेळी लागतात. पाहुण्यांना भुताखेतांच्या वेळा कोण समजावणार?

मी घाबरले नाही. मला आनंद झाला, आणि तो सांगताना मला अजूनही लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच सांगितलं, आणि हात पुन्हा वर झाला. मग मी रोजच सांगू लागले. गोष्टीला तिखटमीठ लावू लागले. तो पावातलं चीज आधी खातो आणि मग पाव खातो, मला अजून बोकड म्हणून चिडवतो, बंदरावरच्या बेकरीवालीवर त्याचा डोळा आहे. एकदा तर मी त्याचं लग्नही ठरवून टाकलं. पाहुणे खूश, मामा खूश, आणि मी तर काय, दिवसभर आरशात डोळे लावून.

घरी मात्र मी काही बोलले नाही. आई रोज संध्याकाळी चढ चढून घुमटीतला दिवा लावून यायची.

मग हाडं काढायची वेळ आली. आमचं कब्रस्तान एवढंसं आहे. तीन वर्षं झाली की माणसाला जागा रिकामी करून द्यावी लागते. घरच्या बायका हाडं वर काढतात, वाइनने धुतात आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून भिंतीपाशी रचतात. हाडं स्वच्छ, पिवळसर निघाली की म्हणतात, सुटला. आईने त्याच्यासाठी घरची जुनी वाइन राखून ठेवली होती.

माती उकरली आणि बायकांनी तोंडाला पदर लावावा तशी डोक्याची फडकी तोंडाला लावली. मी पाहिलं ते सगळं सांगणार नाही. मातीने त्याला घेतलंच नव्हतं, तीन वर्षांनीही देह तसाच होता. पायातले बूट पायांतच होते आणि डावा हात, जो आम्ही छातीवर ठेवून पुरला होता, तो डोक्याच्या वर गेलेला होता.

"चिकणमाती आहे, दुसरं काही नाही," पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले. "पुन्हा झाका. अजून काही वर्षं जाऊ द्या."

पण मागे बायका कुजबुजल्याच. कुणीतरी त्याला धरून ठेवलंय. जाऊ देत नाहीये.

आई वाइनची बाटली तशीच भरलेली घेऊन घरी आली. त्या दिवसापासून तिने दिवा लावायला जाणं बंद केलं आणि जेवणही जवळजवळ सोडलं. मी ताट पुढे केलं की ती सरकवायची.

"खा ना गं दोन घास."

"मीच धरलाय त्याला. फार रडले मी. रोज तिथं जाऊन बोलावत बसले." ती दाराकडे बघत म्हणाली, "डोळा लागला की येतो. उंबऱ्यापाशी उभा राहतो, अंगभर धूळ. मी म्हणते, आत ये रे. तर म्हणतो, अजून सगळे आले नाहीत, आई."

मी ताट खाली ठेवलं. मी खरं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. सांगितलं की आरसा रिकामा होणार, हे मला कळत होतं. आईची हाडं कपड्यांतून दिसायला लागली होती आणि मी मात्र रोज दुपारी भावाला भेटून येत होते.

माझे डोळे उघडले ते एका बेल्जियन बाईमुळे. लीवे तिचं नाव, निवृत्त शिक्षिका, गाडी बैलगाडीसारखी चालवणारी आणि त्यामुळे कायम शेवटी. खाणावळीत ऑक्टोपसचं ताट पुढ्यात घेऊन ती मला म्हणाली, "तुमचा तो मागचा माणूस फार सज्जन आहे हो. वळणावर मी घाबरले तर शेजारी येऊन थांबला. हातानेच म्हणाला, सावकाश."

मी मान हलवली.

"पण त्याला पाणी तरी द्या. ओठ फुटलेत बिचाऱ्याचे. आणि किती दमलाय तो! मी विचारलं, जेवायला येणार ना? तर नुसतं खाली समुद्राकडे बघत राहिला." तिने काटा खाली ठेवला आणि वर्गातल्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्याला सुट्टी देतच नाही का?"

इतके दिवस मी फक्त हात बघत होते. हाताखाली माणूस आहे, त्याला तहान आहे, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. मी तशीच उठले आणि पाहुण्यांना घेऊन परत आले.

घरी आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायाशी बसले.

"आई, तू नाही धरलंस त्याला. मी धरलाय."

मग सगळं सांगितलं. मामाने काय शिकवलं, मी त्यात काय घातलं, आरशात काय दिसतं, बेल्जियन बाई काय म्हणाली. वाटलं, आता मुस्काटात बसणार. आई उठून बसली. माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, "कसा दिसतो गं?"

"नीट दिसत नाही. धूळ असते. हात तेवढा दिसतो."

"शर्ट कुठला? निळा?"

"निळाच असेल."

"मला नेशील एकदा? तुझ्या मागे बसेन. नुसता आरशात बघेन." तिने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. मी हो म्हणणार, तेवढ्यात तिनेच हात सोडला. "नको. मी बघितला तर मीही सोडायची नाही. तू सांग त्याला. माझं काही तो ऐकत नाहीये." मग ती भिंत धरत उठली, स्वयंपाकघरातून दिव्याच्या तेलाची बाटली आणून तिने माझ्या मांडीवर ठेवली आणि काल नको म्हणून सरकवलेला पाव घेऊन चावू लागली. रडत रडत चावत होती, पण खात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घुमटीपाशी रांग थांबवली. वारा पडला होता. शेवटच्या गाडीवर एक जाडसर इटालियन होता, आणि त्याच्या मागे, वळणाच्या कडेला, धूळ खाली बसायला तयार नव्हती. मी तिकडे बघायचं टाळलं. काचेचं दार उघडलं, वात वर ओढली, तेल घातलं. काड्या विझत होत्या. वारा नसताना विझत होत्या.

"इथे काय झालं होतं?" एका मुलीने विचारलं. "कुणी मेलं का?"

आजवर जे उत्तर सहज यायचं ते आताही जिभेवर येऊन बसलं होतं. ते बोलले असते तर उद्याही हात दिसला असता, परवाही, मी म्हातारी होईपर्यंत.

"हो," मी म्हणाले. "माझा भाऊ मेला. याकूमिस त्याचं नाव. तो शेवटी चालवायचा. इथे घसरला आणि मेला."

इटालियनाने आधी हेल्मेट काढलं आणि मग सगळ्यांनी काढलं. मी पाण्याची बाटली उघडली आणि घुमटीच्या पायथ्याशी सगळी ओतली. तापलेल्या मातीने ते पाणी गटागटा पिऊन टाकलं. मग मी आमच्या भाषेत, पाहुण्यांना कळणार नाही असं म्हणाले, "सगळे पोचले रे. त्या दिवशीचेही पोचले, एकूणएक. तू उतर आता. आई वाट बघतेय."

पुढची काडी पेटली आणि वातीने ज्योत धरली.

आम्ही निघालो. संध्याकाळी मामा मला फाडून खाणार होता, एक जोडपं तर तिथूनच चालत निघालं होतं, पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त पुढचं वळण होतं. ते आलं. मी वेग कमी केला आणि आरशात बघितलं. एक आला, दुसरा आला, ती मुलगी आली, इटालियन आला. त्याच्या मागे रस्ता होता. धूळ नव्हती. खालचा समुद्रसुद्धा स्वच्छ दिसत होता. मी थांबून राहिले, पाहुणे भोंगे वाजवू लागले तरी थांबून राहिले, आणि हात काही वर झाला नाही.

मग मी गाडी बंद केली, खाली उतरले आणि सगळे आले की नाही ते मोजत रांगेच्या शेवटापर्यंत स्वतः चालत गेले.